बंगळुरातून जग वाचताना : प्रवास, इतिहास आणि अन्न यांवरील ग्रंथांची निवड

प्रवास, संस्कृती, इतिहास आणि खाद्यपरंपरा या विषयांवरील पुस्तके ग्रंथविक्रेत्यांच्या फळ्यांवर वेगवेगळी मांडलेली असली, तरी त्यांचा मूळ ऐवज एकच असतो. कोणीतरी एखाद्या ठिकाणी काही पाहिले, ऐकले किंवा चाखले आणि ते लिहून ठेवले, हा तो ऐवज होय. म्हणून अशा पुस्तकांची निवड विषयवार करण्यापेक्षा स्थळवार करणे अधिक फलदायी ठरते. एखादे ठिकाण धरून त्याच्याभोवती प्रवासवृत्त, शिलालेख, दरबारी काव्य, पाकग्रंथ आणि अलीकडचा इतिहास अशी निरनिराळ्या जातींची पुस्तके एकत्र वाचली, म्हणजे ती एकमेकांची साक्ष आपोआप तपासू लागतात, आणि एकट्या पुस्तकावर विसंबून राहिल्याने होणारी दिशाभूल बरीच टळते. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला या पद्धतीचा आरंभ करण्यासाठी दूरचा देश शोधण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात हे शहर सुमारे अर्धशतक भोसले घराण्याकडे होते, आणि त्या काळाची साधने संस्कृत, मराठी, कन्नड व इंग्रजी अशा चार भाषांत छापलेली आहेत.

निवडीआधी एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. प्रवासवर्णनाच्या कोणत्याही पुस्तकाला तीन तारखा असतात : प्रवास घडल्याची, तो लिहिल्याची आणि तो छापल्याची. या तिन्ही तारखा पुस्तकात कोठे दिल्या आहेत, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे, आणि त्या मुळीच दिलेल्या नसतील, तर पुस्तकाचा उपयोग करमणुकीपुरता मानावा. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी शहराच्या आत राहून अनुभवला. परंतु हा वृत्तांत त्यांनी लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने तो छापला गेला 1907 मध्ये, तोही चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादकीय फेरफार केलेल्या रूपात. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती वाचकांच्या हाती पडायला 1966 साल उजाडावे लागले. म्हणजे ‘गोडसे भटजींचे पुस्तक’ असे म्हणून जे मागितले जाते, ते प्रत्यक्षात निदान दोन निराळी पुस्तके आहेत, आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत कोणती संहिता घेतली आहे, हे प्रस्तावना वाचल्याशिवाय कळत नाही. संहिता म्हणजे ग्रंथाचा शब्दशः पाठ; तो कोणत्या प्रतीवरून घेतला हे न सांगणारी आवृत्ती कितीही देखणी असली, तरी अभ्यासासाठी घेऊ नये.

भाषांतरित ग्रंथांच्या बाबतीत या तीन तारखांना चौथी, भाषांतराची, जोडावी लागते. विजयनगरच्या वर्णनासाठी ज्याचा आधार हमखास दिला जातो, तो दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी 1520 च्या सुमारास कृष्णदेवरायाच्या राजधानीत होता. त्याचा वृत्तांत इंग्रजीत आला तो रॉबर्ट स्यूएल यांच्या 1900 मधील ग्रंथातून. पाइशची मराठी किंवा कन्नड अवतरणे बहुधा या इंग्रजीवरूनच उतरलेली असतात. त्याने बाजारातील धान्याचा स्वस्तपणा वर्णिला आहे, तेथे ही भाषांतरांची साखळी फारसे बिघडवत नाही. पण धान्यांची, मापांची आणि नाण्यांची नावे मात्र दोनदा भाषा बदलल्याने हमखास घसरतात, आणि नेमक्या त्याच नावांवर पुढे लेख उभे राहतात.

आता प्रत्यक्ष बंगळुराकडे वळता येईल. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या 1638 च्या मोहिमेनंतर हे शहर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या दरबाराचे सर्वांत रसाळ साधन म्हणजे जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ होय. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांच्या मिश्रणातून रचलेले संस्कृत काव्य. या चंपूचा अखेरचा भाग नुसता संस्कृतात नसून त्यात अनेक देशी भाषांतील पद्ये आहेत, आणि त्यावरून दरबारात कोठकोठचे कवी येऊन आपली विद्या दाखवीत होते, याचा अंदाज बांधता येतो. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला जोडलेली प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथ शोभेल इतकी विस्तृत लिहिली. येथे वाचकाने दोन आवाज काळजीपूर्वक वेगळे ठेवावेत. जयराम हा आश्रित कवी असल्यामुळे धन्याच्या पराक्रमाविषयी त्याचे बोलणे स्तुतीचे म्हणून वाचावे, मात्र भाषा, माणसे, समस्यापूर्तीचे खेळ, दरबारातील रीत अशा ज्या गोष्टी तो जाता जाता सांगतो, त्यांवर अधिक भरवसा ठेवावा; आणि राजवाड्यांचे निष्कर्ष हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्रखर मतांच्या संशोधकाचे निष्कर्ष आहेत, याचे भान सुटू देऊ नये. प्रस्तावना वाचताना मन इतके गुंगते की मूळ काव्य बाजूलाच राहते, हा धोका या ग्रंथाइतका क्वचितच दुसऱ्या ठिकाणी आढळेल.

काव्याच्या शेजारी दगड ठेवावा. मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर देवस्थानाला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी 1669 मध्ये मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा शिलालेख आहे. बी. एल. राइस यांनी संपादित केलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या शिलालेखमालेचा बंगळूर जिल्ह्याला वाहिलेला नववा खंड 1905 मध्ये निघाला आणि या प्रदेशातील असे शेकडो लेख त्यात मूळ पाठासह मिळतात. शिलालेख कोरडा असतो, त्यात वर्णन नसते. पण तारीख, देणारा, घेणारा आणि गावाचे नाव या चार गोष्टी तो निःसंदिग्धपणे सांगतो, आणि नंतरच्या पुस्तकातील रंगतदार मजकूर या चार खिळ्यांवर टिकतो की गळतो, हे पाहता येते.

ही तपासणी किती आवश्यक आहे, याची दोन उदाहरणे याच शहरात आहेत. वाट चुकलेल्या बल्लाळ नावाच्या होयसळ राजाला एका म्हातारीने उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून शहराला नाव मिळाले, ही कथा पर्यटनाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात छापलेली असते; परंतु शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील नागेश्वर मंदिरात गंग राजवटीतील, म्हणजे होयसळ बल्लाळाच्या काही शतके आधीचा, नवव्या शतकाच्या अखेरीचा वीरगळ आहे आणि त्यात बंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे. कथा लोकपरंपरा म्हणून सांगावी, इतिहास म्हणून सांगू नये. पुस्तकाचा लेखक हा भेद करतो की नाही, यावरून त्याची पारख पहिल्या दहा पानांतच होते. दुसरे उदाहरण व्यवहाराचे आहे. एकोजीने बंगळूर तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकले आणि 1687 मध्ये मोगल सेनापती कासिमखान मध्येच येऊन धडकला, ही हकीकत मार्क विल्क्स यांच्या 1810 पासून निघालेल्या दक्षिणेच्या इतिहासात आहे आणि पुढील लेखक ती जशीच्या तशी उचलत आले आहेत. घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिणाऱ्या माणसाला ती कोठून मिळाली, हा प्रश्न जो लेखक निदान विचारतो, त्याचे पुस्तक घरी आणावे.

अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरचे शहर पाहण्यासाठी फ्रान्सिस बुकानन यांच्या प्रवासवृत्ताला पर्याय नाही. टिपूच्या पाडावानंतर गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या आज्ञेवरून त्यांनी 1800-01 मध्ये मद्रासपासून म्हैसूर, कानडा आणि मलबार हा प्रदेश पालथा घातला, आणि त्याचे तीन जाडजूड खंड 1807 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. हे लेखन वाचायला रूक्ष आहे, आणि त्याचा हेतू नव्या मुलुखातून काय काढता येईल याचा अंदाज घेण्याचा आहे, हे विसरू नये. तथापि नाचणी, म्हणजे कन्नडमधील रागी, कशी पेरतात, तिची कुळवणी कशी होते, विणकरांच्या कोणत्या जाती कोणते कापड विणतात, बाजारात माल कोठून येतो, हे सर्व इतक्या बारकाईने नोंदलेले दुसरे पुस्तक त्या काळाबद्दल मिळणे कठीण आहे. ते सलग वाचण्याची आवश्यकता नाही; ज्या तालुक्यातून जायचे असेल, तेवढीच पाने वाचावीत.

इंग्रजांनी 1809 मध्ये लष्करी छावणी वसवल्यापासून जुनी पेठ आणि छावणी अशी दोन शहरे शेजारी नांदू लागली, आणि आधुनिक पुस्तकेही या दोन बाजूंत वाटली गेली आहेत. पीटर कोलाको यांचे 2003 मधील पुस्तक प्रामुख्याने छावणीकडून शहर पाहते आणि ते अत्यंत वाचनीय आहे; जानकी नायर यांचा 2005 मधील ‘द प्रॉमिस ऑफ द मेट्रोपोलिस’ हा ग्रंथ कामगार, जमीन, नियोजन आणि भाषा यांच्या संघर्षातून विसावे शतक उलगडतो; स्मृती श्रीनिवास यांचा 2001 मधील अभ्यास पेठेतील करग उत्सवाच्या आधारे शहराच्या स्मृतीचा शोध घेतो. फक्त एक विकत घ्यायचे असेल, तर नायर यांचे घ्यावे, कारण आठवणींची पुस्तके नंतरही सुखाने वाचता येतात, पण चौकट आधी मिळाली तर त्या आठवणी कोणाच्या आहेत हे समजते. जाता जाता हेही नमूद करण्यासारखे आहे की विन्स्टन चर्चिल यांनी 1896 पासून छावणीत असताना दुपारच्या उन्हाच्या वेळी गिबनचा रोमन इतिहास आणि मेकॉले वाचून काढला, पण त्यांच्या आत्मचरित्रात मैलभरावरील पेठेविषयी जवळपास काहीच येत नाही. जग वाचूनही पायाखालचे गाव न दिसण्याची ही सोय आजच्या स्थलांतरित वाचकालाही सहज उपलब्ध असते.

अन्नावरील पुस्तकांकडे मराठी वाचक बहुधा कृतींचा संग्रह म्हणून पाहतो, पण तारीखवार वाचली तर तीही इतिहासाची साधने ठरतात, आणि या बाबतीत कर्नाटक विलक्षण संपन्न आहे. बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण ही ज्यांची राजधानी होती, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश रचला. त्याच्या तिसऱ्या विंशतीत, म्हणजे वीस अध्यायांच्या गटात, राजाच्या उपभोगांचे वर्णन असून त्यातील अन्नभोग या प्रकरणात इड्डरिका, दोसक, वटक आणि मंडक हे पदार्थ भेटतात. शेतात सापडणाऱ्या उंदरांचे मांस भाजण्याची कृतीही तेथेच आहे, जी आजचे शाकाहाराभिमानी संकलक सोयीस्करपणे गाळतात. मंडक म्हणजे बेळगावच्या हलवायांकडे आजही मिळणारे मांडे, असे म्हणायला फारसा प्रत्यवाय नाही. इड्डरिकेचे मात्र तसे नाही, आणि अन्नविषयक पुस्तक कसे वाचावे, याचा धडा तिच्यातच आहे.

के. टी. आचाया हे मूळचे तेलरसायनाचे शास्त्रज्ञ. त्यांचे ‘इंडियन फूड : अ हिस्टॉरिकल कम्पॅनियन’ हे 1994 मधील पुस्तक आणि 1998 मधील त्यांचा कोश हे भारतीय अन्नेतिहासाचे आजही पहिल्या पायरीचे ग्रंथ आहेत. दहाव्या शतकातील ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात इड्डलिगेचा उल्लेख येतो आणि मानसोल्लासात इड्डरिका येते, परंतु या जुन्या पदार्थात तांदूळ नाही, पीठ दीर्घकाळ आंबवणे नाही आणि वाफेवर शिजवणेही नाही, हे आचायांनी दाखवून दिले. ही झाली नोंद. त्यापुढे जाऊन, आंबवून वाफवण्याची रीत आग्नेय आशियातून, आजच्या इंडोनेशियाच्या बाजूने आली असावी, असे त्यांनी सुचवले. हा झाला तर्क. आचायांच्या पानावर या दोहोंमधील अंतर स्पष्ट दिसते. पुढे मात्र ‘इडली परदेशातून आली’ एवढेच वाक्य वृत्तपत्रांपासून उपाहारगृहांच्या भिंतींपर्यंत पसरले, आणि गांधी बाजारातील न्याहारीच्या रांगेत उभे राहून ते ठामपणे ऐकवणारेही भेटतात. पुस्तकात ‘असावे’ कोठे आहे आणि ‘आहे’ कोठे आहे, हे पेन्सिलीने खुणावत वाचण्याची शिस्त अन्नाच्या पुस्तकांना सर्वाधिक लागू पडते, कारण पदार्थाच्या उगमाशी प्रांताभिमान चटकन जोडला जातो.

मराठी वाचकाला याच धाग्याने तंजावरापर्यंत जाता येते. ज्या एकोजीने मल्लेश्वराला गाव दिले, त्यानेच 1675-76 च्या सुमारास तंजावरचे राज्य मिळवले, आणि त्याची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या रघुनाथ गणेश नवहस्त ऊर्फ रघुनाथसूरीने ‘भोजनकुतूहल’ हा अन्नगुणांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्ये, भाज्या, दूधदुभते आणि पक्वान्ने यांचे गुणदोष तो आयुर्वेदाच्या आधारे सांगतो आणि ओळखीसाठी अनेकदा मराठी नावे देतो, त्यामुळे सतराव्या शतकातील मराठी ताटाचे ते एक दुर्मीळ चित्र ठरते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी जिलबीच्या इतिहासाचा माग काढताना या ग्रंथाचा उपयोग केला आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने सरफोजीराजांच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आणि त्यांच्या काशीयात्रेवरील ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ प्रसिद्ध केल्या आहेत. एकाच दरबारातील स्वयंपाकघर आणि प्रवास असे शेजारी शेजारी वाचायला मिळणे, ही स्थळवार वाचनाची फार चांगली कमाई आहे.

छापील मराठी पाकग्रंथांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875 मधील ‘सूपशास्त्र’पासून धरली जाते, कन्नडमध्ये याच नावाचा पद्यग्रंथ तिसऱ्या मंगरसाने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहिला होता, आणि सूप याचा अर्थ येथे वरण-आमटीसारखे शिजवलेले अन्न असा घ्यायचा. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 1910 मधील ‘गृहिणीमित्र’ आणि कमलाबाई ओगले यांची 1970 मधील ‘रुचिरा’ यांच्या मध्ये मापांचीच क्रांती झालेली दिसते. जुन्या पुस्तकांत शेर, पावशेर आणि तोळा चालतात, तर रुचिरेने वाटी आणि चमचा घरोघर रुजवला. जुनी कृती करून पाहायची असल्यास तोळा 11.66 ग्रॅमचा धरावा. शेराला मात्र सरसकट एक आकडा लावू नये. 80 तोळ्यांचा पक्का शेर सुमारे 933 ग्रॅम भरतो, पण प्रांतोप्रांतीचे कच्चे शेर त्याहून बरेच लहान होते आणि धान्य मापण्याचा शेर वजनाच्या शेराहून वेगळा असे. दशमान वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही पुस्तकात आकड्यांऐवजी घटकांचे परस्पर प्रमाण पाहणे सुरक्षित असते : डाळीला गूळ किती पट, पिठाला तूप किती, एवढे जमले की पदार्थ जमतो.

ऐतिहासिक कादंबरी असो वा ‘प्राचीन परंपरेची’ जाहिरात करणारे पाकपुस्तक, त्याला लावण्याजोगी एक सोपी कसोटी मिरचीची आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, पेरू, पपई आणि अननस ही सारी अमेरिका खंडातील पिके असून ती पोर्तुगीजांच्या मार्गाने सोळाव्या शतकापासून पुढे येथे पोहोचली. मानसोल्लासातील तिखटपणा मिरीचा आहे. यादवांच्या देवगिरीत ठेचा वाढणारा लेखक बाकीच्या तपशिलांतही असाच सैल असण्याचा संभव मोठा असतो. या देवघेवीचा जागतिक हिशेब आल्फ्रेड क्रॉस्बी यांच्या ‘द कोलंबियन एक्स्चेंज’ या 1972 मधील ग्रंथात मिळतो. आणि एखादा पदार्थ धरून जग कसे वाचावे याचा उत्कृष्ट नमुना म्हणून सिडनी मिंट्झ यांचे 1985 मधील ‘स्वीटनेस अँड पॉवर’ घ्यावे, ज्यात कॅरिबियन बेटांवरील गुलामांनी पिकवलेली साखर इंग्लंडमधील कामगाराच्या चहात कशी आली, हे उलगडले आहे. ऊसपट्ट्यातून आलेल्या वाचकाला ते विशेष जवळचे वाटेल.

परदेशांविषयीची मराठी प्रवासवर्णने जोडीने वाचावीत. रशियासाठी अनंत काणेकर यांचे 1940 मधील ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आणि 1961 मध्ये सोव्हिएत संघात जाऊन आलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ ही जोडी घ्यावी. दोघांच्या मध्ये दोन दशके, एक महायुद्ध आणि स्टालिनचा मृत्यू आहे, शिवाय मुंबईतील मध्यमवर्गीय साहित्यिक आणि घाटकोपरच्या झोपडपट्टीतून आलेला लोकशाहीर यांच्या डोळ्यांना एकाच देशात निरनिराळ्या गोष्टी दिसतात. अमेरिकेसाठी पंडिता रमाबाईंचे 1889 मधील ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ वाचायला हवे. सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, जन्मलेल्या या विदुषीने अमेरिकेतील शाळा, स्त्रियांच्या संस्था आणि वर्णद्वेष यांची केलेली चिकित्सा आजच्या बहुसंख्य प्रवासवर्णनांहून अधिक धारदार आहे. कन्नड वाचता येणाऱ्याने त्याच्या जोडीला गोरूर रामस्वामी अय्यंगार यांचे ‘अमेरिकादल्लि गोरूरु’ घ्यावे, ज्याला 1980 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आणि मीना प्रभू यांची पुस्तके बहुतेक घरांत असतातच, त्यामुळे त्यांच्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही; एवढेच, की अपूर्वाईतील लंडन हे 1960 पूर्वीचे आहे आणि त्या विनोदामागे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील पाहुण्याचा संकोच आहे, हे नव्या पिढीला समजावून द्यावे लागते.

ही पुस्तके मिळवण्याच्या जागा बंगळुरात पुष्कळ आहेत. ब्रिगेड रोडच्या गल्लीतील सिलेक्ट बुक शॉप 1945 पासून जुन्या व दुर्मीळ ग्रंथांसाठी ओळखले जाते, आणि चर्च स्ट्रीटवरील ब्लॉसम व बुकवर्म या दुकानांत वापरलेल्या पुस्तकांच्या फळ्यांवर प्रवास व खाद्यविषयक इंग्रजी पुस्तके कमी किमतीत सापडतात. जुने पुस्तक घेताना नकाशे आणि घडीची पाने जागेवर आहेत का, हे मोजून पाहावे. प्रवासग्रंथातून सर्वांत आधी नकाशाच फाटून जातो. न विकत घेता वाचण्यासाठी कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारक इमारतीतील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, नृपतुंग रस्त्यावरील 1909 मध्ये स्थापन झालेली मिथिक सोसायटी आणि बसवनगुडीतील बी. पी. वाडिया यांनी 1945 मध्ये सुरू केलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत. मिथिक सोसायटीने बंगळूर परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले असल्याने शिलालेखांच्या वाचकाने तेथे अवश्य जावे. बसवनगुडीच्याच परिसरात डी. व्ही. गुंडप्पा यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने उभी केलेली संस्था आहे. मराठी माणसाने ती निदान पाहून यावी.

मराठी पुस्तकांची अडचण मात्र खरी आहे, कारण शहरातील मोठ्या दुकानांत ती क्वचितच असतात. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात चौकशी करावी, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून टपालाने मागवावीत, आणि जुन्या ग्रंथांसाठी इंटरनेट आर्काइव्ह तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे संकेतस्थळ पाहावे, जेथे मंडळाचे अनेक ग्रंथ विनामूल्य उतरवून घेता येतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी प्रताधिकार, म्हणजे प्रती काढण्याचा हक्क, संपतो. त्यामुळे 1926 मध्ये वारलेल्या राजवाड्यांचे किंवा 1938 मध्ये वारलेल्या वैद्यांचे ग्रंथ उतरवून घेण्यात कायदेशीर बाधा नाही, पण आचाया, नायर किंवा मीना प्रभू यांच्या पुस्तकांच्या फुकट फिरणाऱ्या प्रती घेणे ही चोरीच होय.

वाचताना ठेवायची नोंदवही पुस्तकांच्या नावाने न लावता गावांच्या नावाने लावावी. एका पानावर एक गाव, त्याखाली वर्ष, लिहिणाऱ्याचे नाव, तो कोणाच्या खर्चाने आला, काय खाल्ले, ते कोणी वाढले आणि किंमत काय पडली, एवढ्या नोंदी पुरतात. खर्च कोणी केला हा रकाना अनेकांना विचित्र वाटेल. परंतु बुकाननचा खर्च कंपनी सरकारने, जयरामाचा आश्रयदात्याने आणि गोडसे भटजींचा यजमानांच्या दक्षिणेने चालवला, हे शेजारी लिहिले की तिघांच्या लेखनातील झुकाव निराळा का, हे वेगळे सांगावे लागत नाही. आजच्या प्रवासपुस्तकांतही विमान कंपनीचे किंवा पर्यटन महामंडळाचे आभार अर्पणपत्रिकेमागे छापलेले असतात. ते पान आधी वाचावे.

बंगळुरातील अनेक जुन्या मराठी घरांत, तसेच तंजावर, बेळगाव व धारवाडहून येथे आलेल्या कुटुंबांत, आजी-पणजीच्या हातच्या पाककृतींच्या वह्या आणि काशी-रामेश्वराच्या यात्रेचे जमाखर्च अजून ट्रंकांतून पडून आहेत, आणि मोठे घर सोडून फ्लॅटमध्ये जाताना ते रद्दीत निघतात. अशी वही हाती लागल्यास तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिणाऱ्या व्यक्तीचे नाव, माहेर-सासरचे गाव आणि अंदाजे वर्ष घालावे, पाने न सोडवता तिची छायाचित्रे काढावीत, आणि एक प्रत एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संशोधन संस्थेकडे द्यावी. घरातील वडीलधारी माणसे ती नावे सांगू शकतात, तोवरच हे काम उरकून घ्यावे.